मोहल्ल्याची पत आणि दुकानाची पत

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात, मेहकरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बीबी हे गाव आहे. गाडीच्या काचेतून पाहणाऱ्याला ते रस्त्यालगतच्या इतर दहा गावांसारखेच दिसते. परंतु अशा गावात ज्याची रोजी आहे, त्याच्या मनात एक प्रश्न नेहमी असतो. दुकानासाठी जागा घेताना तो विचारला जातो आणि मुलीची सोयरीक जमवतानाही विचारला जातो : "वस्ती कशी आहे? रात्री-अपरात्री भीती तर नाही ना?"

या प्रश्नाला सर्वसाधारणपणे दोनच उत्तरे मिळतात. एक जण म्हणतो, "काही नाही, अगदी शांत गाव आहे." दुसरा म्हणतो, "आता काही खरं राहिलं नाही." पहिल्याला गावाची अब्रू राखायची असते, तर दुसऱ्याने कालच कुठेतरी काही ऐकलेले असते. दोघांजवळही आधार नसतो. आमचे स्पष्ट मत असे आहे की वस्तीची सुरक्षितता ही ऐकीव गोष्टींवर सोडण्यासारखी बाब नाही. ती व्यापाऱ्याच्या भांडवलाचाच एक भाग आहे, आणि भांडवलाचा जसा हिशेब ठेवतात तसा तिचाही हिशेब ठेवला पाहिजे.

आपल्या समाजातील कारागिराचे घर आणि कारखाना बहुधा वेगळे नसतात. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि मागच्या खोलीत संसार. मनियाराच्या बांगड्यांच्या पेट्या, मन्सुरी भाईंचा कापूस, वेल्डिंगवाल्याचे यंत्र, बागवानाची हातगाडी, हे सर्व राहत्या घरात किंवा घराच्या अंगणात असते. शहरातल्या मोठ्या व्यापाऱ्याच्या दुकानात चोरी झाली तरी तो घरी सुखाने झोपू शकतो. आपल्या कारागिराच्या घरी चोर शिरला तर धंदा आणि घर दोन्ही एकाच रात्री उघडे पडतात. म्हणून राहत्या वस्तीतील सुरक्षिततेचा प्रश्न हा आमच्या दृष्टीने व्यापाराचाच प्रश्न आहे.

बदनामीची किंमत

वस्तीचे नाव एकदा खराब झाले की त्याची किंमत कोण मोजतो? केंद्र सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ साली आपला अहवाल दिला. काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे अनेक भाग 'नकारात्मक' ठरवून ठेवले आहेत आणि तेथे कर्ज व इतर सोयी सहजासहजी मिळत नाहीत, असे त्या अहवालात नमूद आहे. म्हणजे अर्जदार प्रामाणिक आहे की नाही हा प्रश्न नंतर येतो. त्याच्या पत्त्यावरूनच निम्मा निकाल लागलेला असतो.

त्याच अहवालात दुसरीही एक तक्रार आहे. मुस्लिम वस्त्यांमध्ये शाळा, दवाखाने व बँका यांच्यापेक्षा पोलीसच अधिक दिसतात, असे लोकांनी समितीपुढे सांगितले होते. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे आपला पेच लक्षात येतो. गुन्हा झाला असे म्हटले तर वस्ती बदनाम होईल ही एक भीती. पोलिसांकडे गेलो तर आपल्यालाच प्रश्न विचारले जातील ही दुसरी भीती. या दोन्ही भीतींमुळे माणूस गप्प बसतो. ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु गप्प बसल्याने ती कमी होते काय, हे मात्र तपासून पाहिले पाहिजे.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग देशभरातील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल काढतो. त्यात दर लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे नोंदले गेले हे दिलेले असते. या अहवालांत केरळचा दर बिहारच्या दरापेक्षा कितीतरी जास्त दिसतो. मग केरळ हे बिहारपेक्षा असुरक्षित राज्य आहे काय? कोणीही शहाणा माणूस असे म्हणणार नाही. केरळात लोक तक्रार देतात आणि ती लिहून घेतली जाते. आकडा हा घडलेल्या गुन्ह्यांचा नसून लिहिलेल्या गुन्ह्यांचा असतो, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

दुसरी गोष्ट लहान गावाची. एखाद्या गावात एका वर्षी दोन घरफोड्या नोंदल्या गेल्या आणि पुढच्या वर्षी चार, तर कागदावर गुन्हेगारी शंभर टक्क्यांनी वाढली! ऐकणाऱ्याच्या छातीत धडकी भरते. प्रत्यक्षात फरक दोन घरांचा असतो, आणि कदाचित तोही केवळ यासाठी की या वर्षी दोन माणसांनी धीर करून तक्रार दिली. उलट ज्या मोहल्ल्यात काहीच नोंदले जात नाही, तो मोहल्ला कागदावर शांत असतो. शांत मोहल्ल्याकडे रात्रीची गस्त कशाला वळेल? जेथे तक्रारी आहेत तेथे गाडी फिरते. गप्प राहून आपण अब्रू वाचवली असे समजतो, परंतु बंदोबस्ताचा आपला हक्कही त्याबरोबर गमावतो.

एका कारागिराची गोष्ट

आमच्या परिचयातील टेलरिंग करणाऱ्या एका भाईचा अनुभव सांगण्यासारखा आहे. गाव कोणते आणि ठाणे कोणते हे सांगण्याचे कारण नाही. ईदच्या तोंडावर त्यांच्या दुकानाचे कुलूप तोडून एक मशीन आणि ग्राहकांचे शिवायला आलेले कापड चोरीस गेले. घरच्या वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला, "कशाला चौकीची पायरी चढतोस? गेलं ते गेलं." ते चार दिवस थांबले. पाचव्या दिवशी गेले तेव्हा अर्ज लिहून घेण्यात आला, परंतु त्यात मशीन व कापड 'गहाळ' झाल्याचे लिहिले गेले. चोरी हा शब्द कोठेही नव्हता. भाईंनी न वाचता सही केली.

पुढे काय झाले? गहाळ झालेल्या वस्तूचा शोध जसा लागतो तसाच लागला, म्हणजे लागला नाही. ग्राहकांच्या कापडाचे पैसे त्यांनी भिशीची उचल घेऊन भरले. ती भिशी मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी लावलेली होती. पुढच्या महिन्यात त्याच ओळीतील आणखी एक दुकान फुटले. त्या दुकानदारालाही कोणीतरी तोच सल्ला दिला असणार.

आम्ही त्या भाईंना दोष देत नाही. परंतु कायद्याची थोडी माहिती असती तर सही करण्यापूर्वी ते थांबले असते. म्हणून ती माहिती येथे देत आहोत.

कायदा काय म्हणतो

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली तर एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ सालीच दिला होता. नव्या संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ती मोबाईलवरून किंवा संगणकावरूनही पाठवता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ठाण्यात नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवता येतो, आणि तेथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

लहान कारागिराने यातील एक बारकावा विशेष लक्षात ठेवावा. साध्या चोरीत गेलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल तर नव्या कायद्यात तो गुन्हा अदखलपात्र धरला आहे. परंतु राहत्या घरातून किंवा माल ठेवण्याच्या इमारतीतून झालेली चोरी कलम ३०५ मध्ये येते. तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तेथे पाच हजारांची अट नाही. रात्री चोरीच्या हेतूने केलेल्या घरफोडीला तर कलम ३३१ खाली चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून फिर्याद देताना माल कोठे होता, कुलूप किंवा शटर कसे तोडले, वेळ कोणती आणि मालाची किंमत किती, हे नीट सांगावे व तसेच लिहिले आहे की नाही हे वाचूनच सही करावी. 'गहाळ' आणि 'चोरी' या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

किंमत सांगायची तर पावती हवी. आपल्याकडे मशीन जुन्या बाजारातून तोंडी व्यवहारात येते, कच्चा माल उधारीत येतो आणि हिशेब डोक्यात असतो. चोर निघून गेल्यावर डोक्यातला हिशेब कोणी मान्य करीत नाही. मशीनचा नंबर, खरेदीची पावती आणि मालाची साधी वही एवढे असले तर फिर्याद उभी राहते. पुढे माल सापडल्यास तो आपलाच आहे हे कोर्टात दाखवून परत मागता येतो. ज्यांनी दुकानाचा विमा उतरविला आहे त्यांनाही एफआयआर आणि हीच कागदपत्रे द्यावी लागतात.

चोरीचा माल घेतो कोण?

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. विहिरीवरची मोटार, केबलमधील तांब्याची तार, मोटारसायकलचे सुटे भाग, मोबाईल, या वस्तू चोर घरी ठेवण्यासाठी चोरत नाही. त्या कोणीतरी विकत घेतो. भंगार, गॅरेज, जुने मोबाईल हे धंदे आपल्यातील बरेच लोक करतात आणि त्यांतील बहुसंख्य मेहनतीने, सचोटीने करतात. परंतु जाळलेली तार अर्ध्या भावात आली तर ती कोठून आली हे न विचारणारा एखादाही दुकानदार बाजारात असला, तर सगळ्या ओळीवर संशय येतो. शेतकऱ्याची मोटार गेली की पोलीस प्रथम भंगाराच्या दुकानात येतात, अशी तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. ती दूर करायची तर खरेदीची वही ठेवणे हाच मार्ग आहे. विकणाऱ्याचे नाव, गाव, ओळखपत्राची प्रत आणि तारीख त्यात असावी.

चोरीचा माल आहे हे जाणून किंवा तसे समजण्यास पुरेसे कारण असताना तो घेणे हा न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. असा माल नेहमी घेणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली आहे. जुन्या मोबाईलच्या बाबतीत आता सबबही उरलेली नाही. मे २०२३ पासून 'संचार साथी' ही सरकारी सोय देशभर सुरू झाली आहे. हरवलेला किंवा चोरीचा फोन तेथून बंद करता येतो, आणि फोनच्या पंधरा आकडी आयएमईआय नंबरावरून तो बंद केलेला आहे की नाही हे खरेदीपूर्वी पाहता येते. दोन मिनिटांचे काम आहे. स्वस्तात मिळालेल्या एका फोनपायी दुकानाला सील लागणे कोणत्या हिशेबात परवडते?

अफवा ही सर्वांत मोठी चोर

गुन्हा लपवणे जसे घातक, तसेच न घडलेला गुन्हा पसरवणेही घातक आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठार मारले. ते मंगळवेढा भागातील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, असा निरोप त्या दिवसांत मोबाईलवर फिरत होता. कोणाचेही मूल त्यांनी पळवले नव्हते.

ही घटना आपल्या फेरीवाल्या बंधूंनी विसरू नये. बांगड्या, चादरी, भांडी, अत्तर घेऊन अनोळखी गावांत फिरणारा माणूस हाच अफवेचा पहिला बळी असतो. आज आपण आपल्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर 'अनोळखी इसम फिरत आहेत, सावध राहा' असा खात्री न केलेला निरोप पुढे पाठवतो. उद्या दुसऱ्या गावच्या ग्रुपवर तो अनोळखी इसम आपलाच भाऊ असू शकतो. पारधी आणि इतर भटक्या जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९५२ साली त्या कायद्यातून त्यांची सुटका झाली, तरी तो शिक्का अद्याप पुसला गेलेला नाही. शिक्का काय असतो हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याने तो दुसऱ्यावर मारू नये. संशय आला तर ११२ वर फोन करावा, ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर १९३० वर करावा. पोलिसांना कळवणे हे नागरिकाचे काम आहे. माणसाला घेरून उभे राहणे हे जमावाचे काम आहे.

भिवंडीने दाखवलेली वाट

मग गावाने करावे काय? कोणी म्हणेल, सुरक्षितता हे पोलिसांचे काम, आपण काय करणार? त्याचे उत्तर यंत्रमागाच्या भिवंडी शहराने दिले आहे. १९७० आणि १९८४ साली तेथे भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत कमिट्या बसवल्या. त्यांत नावाजलेल्या पुढाऱ्यांपेक्षा सर्वसामान्य हिंदू व मुस्लिम रहिवासी घेतले आणि त्या भागातील पोलिसाला त्यांच्याशी जोडून दिले. ही माणसे नियमितपणे एकत्र बसत आणि वस्तीतील लहानसहान भांडणे तेथल्या तेथे मिटवत. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत नऊशे माणसे मृत्युमुखी पडली. शेजारच्या भिवंडीत मात्र दंगल झाली नाही. ज्या शहराचे नावच दंगलीशी जोडलेले होते, तेथे माग चालू राहिले.

या प्रयोगातील मर्म असे की पोलीस आणि रहिवासी यांची ओळख गुन्हा घडण्यापूर्वी झालेली होती. संकटाच्या रात्री नव्याने ओळख होत नसते.

बीबीसारख्या गावात हे भिवंडीपेक्षा सोपे आहे. गावात स्वतःचे पोलीस ठाणे आहे, त्यासाठी तालुक्याला जावे लागत नाही. आजूबाजूच्या खेड्यांत १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याप्रमाणे पोलीस पाटील असतात. पूर्वी गावात रात्री जागल्या फिरत असे. तो गेला, परंतु जागे राहण्याची गरज गेलेली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि तो याच जिल्ह्यातून जातो. महामार्गांच्या पट्ट्यात ये-जा वाढते, त्याबरोबर धंदाही येतो आणि जोखीमही येते.

आमची सूचना साधी आहे. बाजारातील दुकानदारांनी, आपले असोत वा हिंदू बांधव असोत, एक संयुक्त समिती करावी. शेजारच्या दुकानाचे शटर फुटले तर आपले कुलूप जात पाहून वाचत नाही. या समितीने महिन्यातून एकदा ठाणेदारांना भेटावे आणि एक साधी वही ठेवावी. कोणत्या रात्री, कोणत्या ओळीत, काय घडले, फिर्याद दिली की नाही, पुढे काय झाले, एवढेच त्यात लिहावे. फिर्याद द्यायला माणूस एकटा गेला तर घाबरतो, म्हणून समितीच्या दोघांनी त्याच्या सोबत जावे. रस्त्यावरचे दिवे हे ग्रामपंचायतीचे काम आहे. बंद खांबांची यादी ग्रामसभेत लेखी मांडावी. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि आपले व्यापारी त्यांतील एकीलाही जात नाहीत ही वस्तुस्थिती आहे. कॅमेरे जरूर लावावेत, परंतु अंधारात कॅमेऱ्यालाही फारसे दिसत नाही. आणि दिव्यांची यादी करताना घरातील बायका-मुलींना विचारावे. संध्याकाळी क्लासवरून परतताना कोणत्या बोळातून जाणे त्या टाळतात, हे त्यांना पुरुषांपेक्षा अधिक माहीत असते.

वर्षभर अशी वही ठेवली तर काय मिळेल? "वस्ती कशी आहे?" या प्रश्नाला गावाजवळ खरे उत्तर असेल. चोऱ्या झाल्या असतील तर किती, कोठे आणि त्यांवर काय केले, हे सांगता येईल. झाल्या नसतील तर तेही कागदावर दाखवता येईल. बँकेच्या अधिकाऱ्यापुढे, घरमालकापुढे, सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांपुढे मान खाली घालावी लागणार नाही. दुसऱ्याने आपल्या मोहल्ल्यावर मारलेला शेरा पुसायचा असेल, तर आपल्या हातात आपला स्वतःचा हिशेब असला पाहिजे. रोज रात्री गल्ला मोजल्याशिवाय जो दुकान बंद करीत नाही, त्या व्यापाऱ्याला हे अवघड जाऊ नये.